आत्ता इथंच होता!

आमच्या घरात मला सोडून सगळ्यांना प्राणी दिसतात. बायकोला दिसतात, तेही फोडणी देता देता. शेजारच्या आक्कांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, तरी त्यांना दिसतात. दूध घालायला येणारा पोरगा अर्धा लिटर मोजता मोजता सांगतो, "काका, पाणंदीत वाघ बसलेला. हॉर्न मारला तेव्हा उठला." वर वैतागून म्हणतो, "त्याच्यामुळंच उशीर झाला." मला मात्र फांदी दिसते. अगदी सुरेख दिसते. ग्रॅच्युइटीतला घसघशीत तुकडा मोडून घेतलेल्या 600 मिलिमीटरच्या लेन्समधून तिच्या सालीवरच्या मुंग्यासुद्धा मोजता येतात. फांदीवर नुकतंच काहीतरी बसलेलं होतं, हे ती अजून हलत असते त्यावरून कळतं.

बँकेतून निवृत्त झालो आणि राजापूर तालुक्यातल्या वडिलोपार्जित घरी येऊन राहिलो. मागे परसू, परसवापलीकडे गडगा, गडग्यापलीकडे व्हाळ, व्हाळापलीकडे चढण आणि चढणीच्या माथ्यावर कातळाचा उघडा सडा. अभयारण्य वगैरे काही नाही. पण पुस्तकं चाळल्यावर लक्षात आलं की राज्याची बरीचशी मानचिन्हं आमच्या आसपासच नांदतायत. राज्यपक्षी हरियाल उंबरावर थव्याने उतरतो. ब्लू मॉरमॉन, म्हणजे 2015 साली राज्याचं फुलपाखरू ठरलेलं, आमच्या लिंबाच्या झाडाभोवती घुटमळत असतं. राज्यप्राणी शेकरू तेवढं जरा वर, घाटाकडे सरकून राहतं. ह्या सगळ्यांत माझ्या कॅमेऱ्यात नीट आलंय ते राज्यफूल तामण. ते झाडाला असतं आणि झाड पळत नाही.

पाहुणे फोटो बघायला बसले की मला शेजारी बसून समजावून सांगावं लागतं. "हा उंबर. ह्या डावीकडच्या फाट्यावर धनेश होता." "ही जांभळ. इथं आत्ता आत्तापर्यंत हळद्या होता." पाहुणे "वा" म्हणतात. एका सद्गृहस्थांनी निम्मा अल्बम पाहून झाल्यावर आदराने विचारलं, "आपण वनस्पतिशास्त्र शिकवत होता का?"

त्या धनेशावर माझी फार भिस्त होती. धनेशाची मादी विणीच्या दिवसांत झाडाच्या ढोलीत शिरते, ढोलीचं तोंड लिंपून घेते, चोच जाईल एवढी फट ठेवते आणि कित्येक आठवडे आतच बसते. नर बाहेरून फळं आणून फटीतून भरवतो. आठवडेच्या आठवडे जागेवरून न हलणारा पक्षी! हा निसर्गाने खास माझ्यासाठीच घडवलाय असं मला वाटलं. मी झाडासमोर स्टूल टाकून बसलो. ढोलीची फट उत्तम आली. नर मात्र येईना. तो पलीकडच्या सातविणीवरून चोचीत काहीतरी धरून माझ्याकडे बघत होता, असं बायको म्हणते. (तिला तो दिसत होता.) शेवटी ती तरातरा आली आणि म्हणाली, "बाळंतीण आत उपाशी बसलीय आणि तुम्ही दारात ठाण मांडलंय. उठा आधी." मी स्टूल उचलून वळलो, आणि पाठीमागे पंखांचा मोठा फडफडाट झाला.

पक्षी दिसत नाही तर निदान ऐकू येईल, म्हणून मग मी आवाजांकडे वळलो. फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातल्या पक्ष्यांची मोजदाद होते. 1998 साली अमेरिकेत सुरू झालेला हा उपक्रम 2013पासून सगळ्या जगाचा झाला. नियम माझ्या प्रकृतीला झेपणारे आहेत. एका जागी निदान पंधरा मिनिटं बसायचं आणि दिसेल, ऐकू येईल ते लिहायचं. मी चहा घेऊन पडवीत बसलो. मोबाईलमध्ये आवाज ऐकून पक्षी सांगणारं ॲप होतं, तेही लावलं. परसवातल्या किंजळीवर शिक्रा ओरडला. लिहिला. त्याच झाडावर हळद्या बोलला. लिहिला. मग सर्पगरुडाची लांबलचक शीळ, मग टकाचोर, मग बुलबुल. सगळे एकाच झाडावरून, एकाचं झाल्यावर दुसरा, शिस्तीत. दुसऱ्या कुणाला संशय आला असता. मला वाटलं, काय सलोखा आहे! शेवटी त्याच झाडावरून मांजराचं म्याऊ ऐकू आलं, तेव्हा मी पक्ष्यांच्या यादीखाली रेघ मारून 'वाघाटी, एक' असं लिहिलं.

मेहुणा त्या वेळी पुण्याहून आलेला होता. पक्षी बघण्यात त्याचे केस पांढरे झालेत. यादी वाचता वाचता त्याच्या चेहऱ्यावर बहिणीविषयीची काळजी उमटली. "भाऊजी, हे सगळे एकाच झाडावर?" त्याने दुर्बीण न लावताच वर बघितलं. "एकच आहे. भृंगराज." काळा कुळकुळीत, कपाळावर तुरा, शेपटीतून निघालेल्या दोन लांब तारा आणि तारांच्या टोकांना पिसाचं एकेक पान. दुसऱ्यांचे आवाज काढण्यात त्याचा हात धरणारा आमच्या रानात दुसरा कुणी नाही. मी खोडरबर आणलं. निदान तो एक तरी हाती लागावा म्हणून कॅमेरा उचलला. दोन तारांपैकी एक फोटोत आलीय. तेव्हापासून परसवातून "अहो, चहा झालाय" असं ऐकू आलं तरी मी जागचा हलत नाही. त्यावरून घरात भांडणं झालीत.

पावसाळ्याची गोष्ट मी सहसा सांगत नाही, पण आक्का सगळ्यांना सांगतात, तेव्हा माझ्या तोंडूनही यावी.

कोकणातल्या पावसात भिंतींना ओल, पापडांना ओल, तशीच लेन्सलाही. काचेच्या आत बुरशीची नाजूक जाळी धरते आणि मग ती काढायला लेन्सच्या किमतीइतका जीव वर येतो. शहरातले जाणकार विजेवर चालणारं कोरडं कपाट वापरतात. त्याची किंमत ऐकून मी घरगुती उपायावर उतरलो. तांदूळ ओल शोषतो. लेन्स काढून वेगळी पिशवीत बांधली आणि कॅमेरा तांदळाच्या पिंपात ठेवला. लेन्स काढली की कॅमेऱ्याचं तोंड उघडं पडतं. त्याचं झाकण मी आधीच कुठेतरी हरवलेलं होतं, म्हणून वरून रुमाल गुंडाळला.

श्रावणात एकदा उघडीप पडली आणि आक्कांनी गडग्यावरून हाक मारली, "अरे, गवे उतरलेत समोर!" मी पिंपातून कॅमेरा उपसला, लेन्स चढवली, परसवात धावलो आणि डोळा लावला. आणि काय सांगू, दिसला! हिरव्यागार चढणीवर काळपट तपकिरी, भरीव अंगाचा, पुढून जरा उतरता, संथपणे डावीकडून उजवीकडे चालला होता. गवा म्हणजे जगातल्या रानगुरांत सगळ्यांत थोराड. मोठा नर टनाच्या घरात जातो. माझे हात कापायला लागले. मी बटण दाबत सुटलो. बायको मागून आली.

"कुठेय?"

"तो काय, करवंदीच्या जाळीजवळ. पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे दिसतायत बघ."

"मला नाही दिसत."

मला दिसतंय आणि हिला दिसत नाही, असं आमच्या संसारात प्रथमच घडत होतं. मी आनंद लपवला नाही. "नीट बघावं लागतं," असं म्हणालो. "नजर तयार करावी लागते," असंही म्हणालो. तेवढ्यात गवा चढणीचा माथा ओलांडून आभाळात गेला. ढगांत थोडा वेळ रेंगाळला. मग उलटा झाला आणि पाय हलवायला लागला.

सोंडा होता. तांदळातला. रुमालातून वाट काढून कॅमेऱ्याच्या पोटात शिरला होता आणि आतल्या ज्या दुधी काचेवर समोरचं चित्र उमटतं, तिच्यावर फिरत होता. त्यामुळे तो डोळ्याला दिसत होता, फोटोत मात्र येत नव्हता. फोटोत रिकामी चढण आहे, असंख्य वेळा. खरे गवे तोवर आक्कांच्या भातात पोटभर चरून पलीकडे उतरले होते. नुकसानभरपाईच्या पंचनाम्याला वनरक्षक आले, तेव्हा आक्कांनी अभिमानाने सांगितलं की आमच्या शेजाऱ्यांनी फोटो काढलेत. त्यांनी माझे फोटो बघितले, कॅमेरा हळूच खाली ठेवला आणि शेतात जाऊन खुरांचे ठसे मोजले. घरात वेगळा पंचनामा चालू होता, अख्खं पिंप चाळून झालं आणि त्यात रुमालाचे दोरे सापडले.

मेहुण्याने पाठवलेल्या एका पुस्तकात सल्ला होता, की पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर उतरा. घारीच्या बाबतीत हे अवघड, म्हणून मी टिटवी निवडली. टिटवी जमिनीवर वावरते आणि जमिनीवरच अंडी घालते. घरटं म्हणजे खडे सारून केलेला खळगा, त्यात बहुधा चार अंडी, मातकट रंगावर काळे डाग, समोर असून न दिसणारी. आमच्या सड्यावर एक जोडी होती. अंड्यांच्या जवळ जायचं नाही असं मेहुण्याने निक्षून सांगितलेलं, तेव्हा लांबूनच, पण पालथं पडून फोटो काढायचा असं ठरलं. सड्यावर आडोसा म्हणून काही नाही. मी एक मातकट चादर डोक्यावरून ओढून घेतली आणि कातळाला छाती लावली. सकाळचे साडेआठ, महिना एप्रिलचा. जांभा दगड किती लवकर तापतो हे कोकणातल्या माणसाला उपजत ठाऊक असतं. माझी हयात बँकेत गेली.

टिटवी आधी डोक्यावर घिरट्या घालून कर्कश ओरडली. मी निश्चल राहिलो. आपण दगड आहोत असं तिला पटलं की ती उतरणार होती. पडल्या पडल्या मला कशेळी आठवली. आमच्याच तालुक्यात कशेळीच्या सड्यावर कुणा प्राचीन माणसाने अठरा मीटरच्या आसपास लांबीचा हत्ती कोरून ठेवलाय आणि त्याच्या अंगात आणखी कितीतरी प्राणी, पक्षी, मासे कोरलेत. कोकणातली ही कातळशिल्पं 2022पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. मला त्या माणसाचा हेवा वाटतो. पूर्ण हत्ती चौकटीत बसवलाय. शेपटी कापली गेलेली नाही. चित्र हललेलं नाही. आणि पाहुण्यांशेजारी बसून "हत्ती इथं होता" असं सांगायची वेळ त्याच्यावर खचितच आली नसणार.

अशा विचारांत असताना गुरं घेऊन सड्यावर चढलेल्या माणसाने मला पाहिलं. त्याने काय पाहिलं हे त्याच्या बाजूने समजून घ्यायला हवं. उघड्या कातळावर चादर, चादरीतून बाहेर आलेली दोन पावलं, आणि वर टिटवी ओरडतेय. टिटवी ओरडली की कुणीतरी जातं, हे त्याने लहानपणापासून ऐकलेलं. इथे ओरडणारी आणि गेलेला, दोघेही एकाच जागी सापडले. तो जवळ आला नाही. त्याने वाडीच्या दिशेने आरोळी ठोकली आणि आरोळीच्या मागोमाग स्वतः धावला.

मला आरोळी ऐकू आली, पण नेमकी तेव्हाच टिटवी खाली उतरली होती. एक पाऊल टाकून थांबत होती, मान वळवून बघत होती. डोळ्यापुढचा लाल मांसल पडदा मला स्वच्छ दिसत होता. अशा वेळी कोण उठतं?

थोड्या वेळाने आजूबाजूला पावलं जमली. "आईशप्पत, बँकवाले काका." "काल सांजच्याला बोलले माझ्याशी." "चांगला माणूस होता, कर्ज नाय दिलंन ते सोडा." पाठोपाठ माझ्या बायकोला पेन्शन पुरी मिळणार की अर्धी, ह्यावर चर्चा सुरू झाली, आणि दोघांचेही आकडे चुकत होते. मला दुरुस्ती करायचा मोह झाला. पण टिटवी अंड्यांपासून चार पावलांवर होती. मी ओठ न हलवता, तिला ऐकू जाणार नाही इतपतच कुजबुजलो, "हळू... अंडी आहेत."

"जिवंत हायत! कायतरी बोलतायत."

"काय बोलतायत?"

"अंडी म्हणतायत."

शांतता पसरली. मग एक वडीलधारा आवाज म्हणाला, "वात झालाय. नायतर खायची इच्छा ऱ्हायली आसंल."

"फिट आलीय, फिट. कांदा आणा आधी!"

सड्यावर कांदा कुठून यायचा? पण कुणाच्या तरी भाकरीच्या फडक्यात तो निघाला. बुक्कीने फोडून माझ्या नाकाशी धरण्यात आला. दुसरा एकजण चप्पल हातात घेऊन तयारच होता आणि कांद्याच्या आधी चप्पल हुंगवायला हवी होती असं त्याचं म्हणणं पडलं. दोन्ही उपचार एकाच वेळी नाकाशी आल्यावर मी उठायचा निर्णय घेतला. पण इतका वेळ पालथं पडून डाव्या पायाला मुंग्या आलेल्या, त्यामुळे उठलो तो सरळ त्याच बाजूला कोसळलो. "डावी बाजू गेली!" असा निकाल लागला. एका शहाण्या मुलाने आमच्या घरी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. सगळी हकीकत ऐकून घेऊन बायकोने एकच प्रश्न विचारला.

"कॅमेरा डोळ्याला आहे का?"

"आहे, काकू."

"मग काही झालेलं नाही. त्यांना म्हणावं नळाला पाणी आलंय, पंप लावायचाय."

तरीही खुर्ची आणि बांबू वरपर्यंत आणलेच आहेत तर रिकामे कशाला न्यायचे, म्हणून मला खुर्चीत बसवून, उचलून खाली नेण्यात आलं. त्या दिवशीच्या फोटोत टिटवी आहे. खरोखर आहे. तिच्या अंगावरून एक मोठं गुलाबी धुकं गेलंय, तो कांदा. वाडीतली पोरं हल्ली मला कांदेकाका म्हणतात आणि टिटवीच्या चारही अंड्यांतून पिल्लं निघाली हे मला त्यांच्याचकडून कळलं.

माणूस हजर असला की जनावर येत नाही, तर मग माणूसच काढून टाकावा. हा विचार माझ्या आधी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाच्या वनाधिकाऱ्याने केला होता. 1920च्या दशकात त्याने उत्तरेकडच्या रानात पायवाटांवर तारा ताणून ठेवल्या. तारेला वाघाचा पाय लागला की लख्ख उजेड व्हायचा आणि वाघ स्वतःचा फोटो स्वतःच काढून घ्यायचा. 1927 साली त्याचं पुस्तक निघालं आणि गाजलं. आताच्या सापळा-कॅमेऱ्याला तार लागत नाही. पुढ्यात काही उबदार हललं की तो आपला आपण चालतो. उबदार म्हणजे जनावर, असा माझा समज. उन्हात तापून वाऱ्यावर हलणारं केळीचं पानही त्याच्या लेखी तेच, हे कळेपर्यंत अख्खं कार्ड भरलं होतं. सकाळची केळ, दुपारची केळ, वारा पडलेला असताना विचारमग्न केळ.

बायकोच्या चेहऱ्याकडे बघून मी राष्ट्रीय आकडेवारी काढली. 2018च्या व्याघ्रगणनेत देशभर 26,838 ठिकाणी असे कॅमेरे लावले होते. फोटो निघाले 3 कोटी 48 लाखांच्या वर आणि त्यांत वाघाचे किती, तर 76,651. म्हणजे देशालासुद्धा साडेचारशे फोटोंमागे एक वाघ मिळाला! गिनीज बुकात नोंद झाली त्याची. ती म्हणाली, "देशाने केळ नव्हती काढली."

मी कॅमेरा व्हाळाकडे उतरणाऱ्या पायवाटेवर हलवला, आणि तिथे मात्र भरघोस यश आलं. हालचालच हालचाल. पहाटे आमचे नारळ वेचून नेणारे गृहस्थ, जे मला रोज भेटून "यंदा नारळ कमी पडतायत नाय?" म्हणून हळहळतात. गुडघेदुखीमुळे ग्रामसभेला येऊ न शकलेले एक पुढारी, ग्रामसभेच्याच वेळी, चढण तरतर चढताना. डॉक्टरांनी विडी बंद केलेले तात्या, विडीसकट. कॅमेऱ्यावर रात्री लाल ठिपका दिसतो म्हणून त्याला भुताचा डोळा समजून हात जोडणारी एक व्यक्ती, जिचा गावात नास्तिक म्हणून दरारा आहे. प्राण्यांपैकी बैल होता, आणि मी होतो. कार्ड काढायला वाकलेलो मी, बहुतेकदा लुंगीत आणि बहुतेकदा पाठमोरा.

हे सगळं मी कुणाला दाखवलं नाही, पण कॅमेरा आहे एवढी बातमी पुरली. जे लोक मला कांदेकाका म्हणत होते ते "साहेब" म्हणायला लागले. "साहेब, आमच्या फणसाकडे तोंड करा ना जरा." बांधावरून वर्षानुवर्षं कोर्टात असलेले दोन भाऊ वेगवेगळ्या वेळी येऊन पुरावा मागून गेले, दोघांचीही खात्री होती की दुसरा रात्री दगड सरकवतो. तात्या तर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत आणि मग एका संध्याकाळी आंब्याचं लोणचं घेऊन आले. काही न बोलता बरणी ठेवली. मी कॅमेरा काढायचं ठरवलं. काढायला गेलो तर तो खाली पडलेला. झाडाला बांधलेला पट्टा कुणीतरी कुरतडून टाकला होता आणि भोवती साळिंदराचे काटे विखुरलेले होते. साळिंदराला खारट वस्तू कुरतडायची हौस असते आणि त्या पट्ट्याला माझ्या घामाची काही कमतरता नव्हती. शेवटच्या फोटोत तो आहेच. म्हणजे काळोख आहे, पण अतिशय जवळचा.

वैतागून मी सगळा सरंजाम कपाटात टाकला. ही बातमी आक्कांना लागली आणि त्या गडग्याशी येऊन उभ्या राहिल्या. "जनावरं हलतात, त्याला तू काय करणार? मी हलत नाही. माझा काढ."

"कशाला?"

"नंतर भिंतीवर लावायला. पोरांच्या भरवशावर राहिले तर मोबाईलमधला कुठल्यातरी लग्नातला लावतील. तोंडात घास असलेला."

इतकं सोपं काम मला आजवर कुणी दिलं नव्हतं. लहान लेन्स लावली, तिवई ठोकली. आक्का मात्र गाय पिळून, चूल पेटवून, ठेवणीतलं लुगडं नेसून येईपर्यंत ऊन गेलं होतं. पडवीच्या खांबाशी त्यांना उभं केलं. मागे पाखं, कौलं, वासे. उजेड कमी म्हणून लेन्सचं तोंड पुरतं उघडावं लागलं, आणि तसं केलं की एकच कुठलीतरी गोष्ट स्पष्ट येते, बाकी सगळं धूसर, हे मला माहीत होतं. ती गोष्ट आक्का असतील असं मी गृहीत धरलं. आक्कांनी चष्मा काढला, हनुवटी वर केली आणि खरोखर तसूभरही हलल्या नाहीत. माझा वाचायचा चष्मा घरात होता, म्हणून मागच्या छोट्या पडद्यावर काय आलंय ते मी बघितलं नाही. राजापूरला जाऊन मोठ्या आकारात छापूनच आणला.

पाकीट उघडलं आणि बसस्टँडवरच खाली बसलो. आक्कांच्या खांद्यामागे, वाशावरून अर्धं अंग बाहेर काढून, कांडेचोर बसलेलं. आक्कांच्या माळ्यावर दिवसभर झोपून रात्री त्यांचे चिकू फस्त करणारं आणि गडग्यावर बियांसकट हिशोब ठेवून जाणारं तेच उदमांजर, नुकतंच जागं होऊन कामावर निघालेलं. मिशीचा केस न् केस स्पष्ट. ओलं नाक. डोळ्यांत मावळतीचा उजेड. त्या अंगणात इतकी वर्षं जो फोटो मी काढायला धडपडत होतो तो हाच. एस.टी.त शेजारी बसलेल्या परक्या माणसालाही मी तो दाखवला, आणि आयुष्यात प्रथमच काही समजावून सांगावं लागलं नाही. तो म्हणाला, "उदमांजर. झकास आलंय."

मी घरी न जाता थेट आक्कांकडे गेलो. "आक्का, बघा काय आलंय!"

त्यांनी फोटो हातभर लांब धरला, चांगल्या डोळ्याने बघितला, मग मोतीबिंदूच्या डोळ्याने बघितला.

"हे मेलं इथं काय करतंय?"

"वाशावर होतं, तुमच्या मागे. एकेक मिशी मोजून घ्या!"

"आणि मी?"

"तुम्ही काय... ह्या डावीकडे आहात. हे जरासं धुरकट आहे ना, तिथे."

आक्कांनी फोटो उलटा करून मागे काही आहे का तेही पाहिलं. मग तो माझ्या हातात परत दिला आणि म्हणाल्या, "म्हणजे माझ्या तेराव्याला हार ह्या चोराला घालणार काय रे?"